पॉडकास्टरांच्या संघटनेचं मेंबर व्हावं का? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात पॉडकास्टरांच्या संघटनांबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की हा सगळा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांची नावं काढून टाकलीत, काही पत्रं बरीच छोटी केलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दोन वर्षं झाली एकटीच पॉडकास्ट करतेय, ६० च्या वर एपिसोड झालेत, रेकॉर्डिंग एडिटिंग कव्हर सगळं मीच बघते. आता एका संघटनेची मेंबर हो म्हणून मैत्रीण मागे लागलीये. वर्षाची वर्गणी माझ्या होस्टिंगच्या, म्हणजे एपिसोड इंटरनेटवर ठेवायच्या जागेच्या, खर्चाएवढी आहे आणि शोमधून कमाई काहीच नाही. मेंबर झाल्यावर ऐकणारे वाढतील का? की पैसे वायाच जातील?

उत्तर : ऐकणारे वाढावेत म्हणून जात असाल तर नका जाऊ, हे आधीच सांगून टाकते. संघटना श्रोते आणून देत नाही. फार तर चार पॉडकास्टर ओळखीचे होतात, मग कुणाच्या शोवर पाहुण्या म्हणून जाल, कुणी तुमचा ट्रेलर स्वतःच्या एपिसोडमध्ये वाजवेल, त्यातून थोडे लोक येतात आणि असे आलेले टिकतातही, पण ती मेहनत तुमचीच असणार, वर्गणीची पावती फाडल्याने काही होत नाही.

मग वर्गणी भरायची कशासाठी, तर जे एकटीने कधीच होणार नाही त्यासाठी. मला याबाबतीत नेहमी ती पेटंटची भानगड आठवते, जरा लांबण लागेल पण सांगतेच. अमेरिकेत पर्सनल ऑडिओ नावाची एक कंपनी. तिने १९९० च्या दशकात मासिकातले लेख वाचून कॅसेटवर विकायचा उद्योग करून बघितला होता, तो काही चालला नाही. पण १९९६ सालच्या एका अर्जाच्या आधारावर तिला २०१२ मध्ये एक पेटंट मिळालं आणि मग ती म्हणायला लागली की एपिसोडची मालिका इंटरनेटवर ठेवायची आणि नवा भाग आला की यादी अपडेट करायची ही युक्ती आमची आहे, म्हणजे पॉडकास्टिंगच आमचं, तेव्हा लायसन्सचे पैसे द्या नाहीतर कोर्टात भेटू. २०१३ मध्ये कॉमेडियन अ‍ॅडम कॅरोला यांच्यावर केस झाली. त्यांचा शो मोठा होता, त्यांनी श्रोत्यांना हाक दिली, लाखो डॉलर जमले, आणि २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड करून केस मिटवली. आता गंमत बघा, कॅरोलांची केस मिटली पण पेटंट जिथल्या तिथेच राहिलं. उद्या तुमच्या माझ्यासारख्या कुणाला नोटीस आली असती तर काय करणार होतो आपण, वकिलाच्या पहिल्या बिलातच शो बंद.

ते पेटंट मुळापासून उखडायचं काम केलं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने. ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी, सभासदांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर चालणारी संस्था. त्यांनी २०१३ मध्ये थेट पेटंट ऑफिसमध्येच आव्हान दिलं की हे नवीन नाहीच मुळी, त्या अर्जाच्या आधीच सीएनएन आणि कॅनडाची सीबीसी आपले कार्यक्रम भागाभागाने इंटरनेटवर ठेवत होत्या. एप्रिल २०१५ मध्ये पेटंटचे ते दावे रद्द झाले, कंपनी अपिलात गेली, २०१७ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच सांगितलं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला तेव्हा कुठे विषय संपला. म्हणजे पाच वर्षं गेली! आणि हे करणारी संस्था खास पॉडकास्टरांची नव्हतीच, दुसऱ्यांच्या संघटनेने आपलं घर वाचवलं. गाव करील ते राव काय करील म्हणतात ना, तसं आहे हे. कॅरोला मोठे होते, त्यांना स्वतःपुरतं सुटता आलं, सगळ्यांना सोडवायला गावच लागलं.

बाकी डिस्काउंटच्या याद्या असतात, होस्टिंगवर इतके टक्के, एडिटिंग सॉफ्टवेअरवर इतके टक्के. त्यात तुम्ही आत्ता ज्याचे पैसे भरताय तेवढंच मोजा. जी वस्तू तुम्ही घेणारच नव्हता तिच्यावरचं डिस्काउंट ही बचत नव्हे. आणि वर्गणी जड जात असेल तर विचारा, बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना किंवा नवीन लोकांना कमी दर असतो, एखादा खुला कार्यक्रमही असतो, आधी तिथे जाऊन बसा, माणसं कशी आहेत ते बघा.

प्रश्न : मी एका ऑडिओ कंपनीत प्रोड्यूसर आहे, शो माझा नाही, आवाजही माझा नाही, पण संशोधन, स्क्रिप्ट, कटिंग सगळं माझं. अशा माणसाने पॉडकास्टर संघटनेत जायचं का? तिथे आमच्या कंपनीचे साहेबच कार्यकारिणीवर आहेत.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. संघटना या एकाच शब्दाखाली तीन चार वेगवेगळ्या गोष्टी चालतात आणि लोक तिथेच फसतात. काही संघटना कंपन्यांच्या असतात, उदाहरणार्थ ब्रिटनमधली ऑडिओयूके, तिचे सभासद म्हणजे ऑडिओ बनवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या, ती त्यांच्या वतीने सरकारशी आणि मोठ्या प्रसारकांशी बोलते. काही व्यक्तींच्या असतात पण मुख्य काम सन्मान आणि ओळखीपाळखीचं, जसं अमेरिकेतली द पॉडकास्ट अकॅडमी, २०२० मध्ये सुरू झाली आणि अ‍ॅम्बीज नावाचे पुरस्कार देते. काही फ्रीलान्सरांच्या, त्यात असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट्स इन रेडिओ ही १९८८ ची, म्हणजे पॉडकास्ट हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीची, मुळात स्वतंत्र रेडिओवाल्यांची. आणि चौथी असते ती कामगार युनियन.

यातली प्रत्येक आपापल्या जागी बरोबर आहे, पण पगार, कामाचे तास, नोकरी गेली तर काय, हे तुमचे प्रश्न कंपन्यांच्या संघटनेत सुटणार नाहीत, कारण त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तुमचे साहेब बसतात आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. गिमलेट आणि द रिंगर या पॉडकास्ट बनवणाऱ्या दोन कंपन्या स्पॉटिफायने विकत घेतल्या, तिथल्या लोकांनी रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका ईस्ट या युनियनची वाट धरली आणि २०२१ मध्ये त्यांचे पहिले करार झाले, त्यात किमान पगार लिहून घेतला, कामावरून काढलं तर भरपाई किती ते लिहून घेतलं. ती ताकद कितीही चांगल्या गप्पांच्या ग्रुपला येत नाही.

तरी व्यक्तींच्या एखाद्या संघटनेत जरूर जा. पुढचं काम बहुतेक वेळा अशाच ओळखीतून मिळतं, आणि दुसरीकडे याच कामाचे किती देतात हे कळणं हीच मोठी गोष्ट आहे, कारण आपल्या धंद्यात कुणी कुणाला दर सांगत नाही आणि त्याचा फायदा नेहमी पैसे देणाऱ्यालाच होतो.

प्रश्न : ताई, घाईत लिहितोय. एका नेटवर्कने, म्हणजे बरेच शो एकत्र चालवणाऱ्या कंपनीने, माझा शो घ्यायची तयारी दाखवलीये, होस्टिंग त्यांचं, जाहिराती ते आणणार. २२ पानांचा करार पाठवलाय आणि आठवड्यात सही मागतायत. मी एका संघटनेचा मेंबर आहे, तिथे याची मदत मिळते का? मिळेपर्यंत काय बघू?

उत्तर : आजच्या आज संघटनेला मेल टाका. नमुना करार, माहितीतला वकील, किंवा निदान याच नेटवर्कबरोबर सही केलेला दुसरा मेंबर, या तिन्ही गोष्टी विचारा, तिसरी सगळ्यात उपयोगी. आणि नेटवर्कला लिहा की वकिलाला दाखवतोय, अजून दोन आठवडे लागतील. खरंच शो हवा असेल तर थांबतील. एवढ्यानेच ऑफर गेली तर ती कसली ऑफर होती.

तोवर सगळ्यात आधी फीड बघा. पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड आहे, सगळी अ‍ॅप त्या एका पत्त्यावर येऊन नवीन एपिसोड आहे का विचारतात, तुमचे श्रोते त्या पत्त्याला चिकटलेले असतात, तुम्हाला नाही. हा पत्ता ज्याच्या हातात त्याच्या हातात शो. एका होस्टिंगवरून दुसरीकडे जाताना जुन्या पत्त्यावर रीडायरेक्ट लावावा लागतो म्हणजे अ‍ॅप आपोआप नव्या पत्त्याकडे वळतात आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. पण तो रीडायरेक्ट जुन्या अकाउंटमधूनच लागतो. त्यामुळे करारात स्पष्ट लिहून घ्या की वेगळे झालो तर नेटवर्क अमुक दिवसांत रीडायरेक्ट लावेल आणि तो कायम ठेवेल. फीडमध्ये मालकाचा म्हणून जो ईमेल असतो तो कुणाचा राहणार तेही विचारा, कारण शो तुमचाच आहे हे पटवायचा कोड बऱ्याच ठिकाणी त्याच ईमेलवर येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझा पहिला शो दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंटवर होता, करार वगैरे काही नाही, सगळं विश्वासावर. त्यांनी एक दिवस काम गुंडाळलं, मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत, आणि तीन वर्षं जमवलेले श्रोते त्या मेलेल्या पत्त्यावर वाट बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मीच बंद केलं न सांगता. एपिसोड माझ्याकडे होते, पुन्हा चढवले, पण माणसं परत शून्यापासून जमवावी लागली, आणि त्यातली बरीचशी कधीच परत आली नाहीत. आजही आठवलं की पोटात तुटतं.

फीडनंतर नाव कुणाचं आणि जुने एपिसोड कुणाचे हे बघा. पुढे त्यावरून पुस्तक किंवा सिरीज निघाली तर हक्क कुणाकडे. जाहिरातीचा वाटा एकूण रकमेवर की खर्च वजा करून उरेल त्यावर, आणि खर्च वजा करून असेल तर खर्च कोण ठरवणार, हिशेब मागायचा हक्क तुम्हाला आहे का. करार आपोआप रिन्यू होतो का आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं. या सगळ्यात एका जरी ठिकाणी, ते आपण बघून घेऊ हो, असं तोंडी उत्तर आलं तर ते कागदावर येईपर्यंत सही नको.

प्रश्न : गाण्याचे ३० सेकंद वापरले तर चालतं असं सगळे म्हणतात. संघटनेकडून म्युझिकचं लायसन्स मिळतं का?

उत्तर : इतके सेकंद चालतात असा कुठलाही नियम नाही, ही अफवा वर्षानुवर्षं फिरतेय. रेडिओ स्टेशनांचं जे ठोक लायसन्स असतं ते पॉडकास्टला लागू पडत नाही, कारण पॉडकास्ट डाउनलोड होतो, त्यात गाण्याची प्रत तयार होते, आणि गाण्याचे हक्क वेगळे नि त्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे. संघटना फार तर म्युझिक लायब्ररीवर सवलत मिळवून देते. तेवढंच घ्या, आणि लायसन्सची पावती जपून ठेवा.

प्रश्न : माझे डाउनलोड २०२३ च्या शेवटी एकदम पडले, जाहिरातदार म्हणतो आधीचे आकडे फुगवलेले होते. मी काहीच केलेलं नाही हो. संघटना यात काय करू शकते?

उत्तर : तुम्ही काही केलेलं नाही, ते अ‍ॅपलने केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस १७ हे आयफोनचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा अ‍ॅपल पॉडकास्ट्स या त्यांच्या अ‍ॅपने आपोआप डाउनलोड करायची पद्धत बदलली. आधी काय व्हायचं, एखाद्याने तुमचा शो ऐकणं मधे सोडलं आणि काही आठवड्यांनी परत सुरू केलं तर मधले राहिलेले सगळे एपिसोड फोनमध्ये उतरायचे, ऐको न ऐको. ते थांबलं. आठवड्यातून जास्त वेळा एपिसोड टाकणाऱ्यांना आणि जुने भाग भरपूर असलेल्यांना जास्त फटका बसला. ऐकणारे तेवढेच होते, न ऐकता उतरणाऱ्या फाइली कमी झाल्या. जाहिरातदाराला तुमचे फक्त अ‍ॅपलचे आणि बाकी अ‍ॅपचे आकडे वेगळे काढून दाखवा, पडझड कुठल्या रकान्यात आहे ते तिथेच दिसेल.

आणि इथेच संघटनेचं खरं काम आहे, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. डाउनलोड म्हणजे काय हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. आयएबी टेक लॅब ही जाहिरात उद्योगाची संस्था, तिचे मोजणीचे नियम आज सगळीकडे चालतात. एकाच आयपी पत्त्यावरून एकाच अ‍ॅपने २४ तासांत तोच एपिसोड कितीदा मागितला तरी एकच धरायचा, निदान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला असेल तरच मोजायचा, बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप फाइली मागणारे प्रोग्राम, काढून टाकायचे, असं सगळं. नियम चांगलेच आहेत, माझी काही तक्रार नाही, पण बघा ना, ते ठरवताना टेबलावर जाहिरातवाले असतात, होस्टिंगवाले असतात, मोठे नेटवर्क असतात. घरातल्या कपाटात बसून रेकॉर्ड करणाऱ्या माणसाला तिथे कोण बोलावणार? एकाच घरात पाचजण एकाच वायफायवर, एकाच अ‍ॅपवर तोच एपिसोड ऐकत असतील तर मोजणीत ते एकच होऊ शकतात, हे तिथे कोण सांगणार? एक माणूस म्हणून आपला मेल कुणी उघडतही नाही. पाचशे शोंच्या वतीने पत्र गेलं तर निदान उत्तर द्यावं लागतं. म्हणून तुमचा प्रश्न संघटनेला लिहून पाठवा, आकड्यांसकट पाठवा. अशी पन्नास पत्रं एकत्र झाली की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो.

प्रश्न : एक वर्ष मेंबर होतो. वेलकम मेल आला, चार न्यूजलेटर आली, एक ऑनलाइन मीटिंग झाली ती पण कंपनीवाल्यांची जाहिरातच होती. आता रिन्यू करा म्हणून मेल आलाय. करू का सोडू?

उत्तर : तुमचा राग मला समजतो. मीसुद्धा एक संघटना सोडलीये आणि एकीत अजून आहे, दोन्हीची कारणं सांगते म्हणजे तुम्हाला ठरवता येईल.

जी सोडली तिथे मला मतच नव्हतं. फॉर्म भरताना मी बघितलं नव्हतं की आमचा प्रकार सहयोगी सभासद, म्हणजे वर्गणी भरा, बसा, टाळ्या वाजवा. कार्यकारिणी निवडायचा हक्क ज्या वर्गाला होता त्याची वर्गणी कितीतरी पट. दोन वर्षं ताळेबंद मागितला, पाठवतो म्हणाले, आला नाही. पैसा कुठून येतो ते कळेना, आणि नंतर दिसलं की बराचसा एका मोठ्या प्लॅटफॉर्मच्या स्पॉन्सरशिपमधून येत होता. त्या प्लॅटफॉर्मने पैसे वाटायचे नियम बदलले तेव्हा आमची संघटना गप्प बसली. त्या दिवशी मी सोडली.

जिच्यात आहे ती छोटी आहे, न्यूजलेटर तर कधी वेळेवर येत नाही. पण संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, सगळ्यांना वाचायला ठेवलेली आहे, एक सभासद एक मत, वार्षिक सर्वसाधारण सभेला हिशेब मांडतात आणि लोक प्रश्न विचारतात, कधी कधी चांगले कडाकडा भांडतात. एकदा एका मेंबरला तिच्याच एपिसोडवरून वकिलाची धमकीची नोटीस आली, ती रात्रभर झोपली नव्हती, सकाळी ग्रुपवर टाकलं तर दुपारपर्यंत एका मेंबर वकिलाने नोटीस वाचून काय उत्तर द्यायचं ते सांगितलं होतं. तिने एपिसोड काढला नाही, तो अजून आहे.

तेव्हा तुम्ही रिन्यूच्या मेललाच उत्तर द्या, चार गोष्टी विचारा. मला मत आहे का, मागच्या वर्षीचा हिशेब कुठे बघायला मिळेल, कार्यकारिणीत स्वतःचा शो स्वतः करणारे किती, आणि गेल्या वर्षात सभासदांच्या वतीने कुणाला पत्र लिहिलं, कुणाशी बोलणी केली. उत्तरं नीट आली तर अजून एक वर्ष द्या, आणि त्या वर्षात एखादं काम अंगावर घ्या, म्हणजे दरांची माहिती गोळा करणं किंवा नमुना करार आपल्या भाषेत आणणं असलं काहीतरी, कारण छोट्या संघटनांत पैशापेक्षा हातांची टंचाई जास्त असते आणि न्यूजलेटर सुद्धा कुणीतरी नोकरी करून रात्री बसून बनवत असतं. पंधरा दिवसांत उत्तरच आलं नाही तर नका भरू, ते पैसे एका बऱ्या वकिलाच्या एका तासासाठी बाजूला ठेवा.

कार्ड सेव्ह केलेलं असेल तर आपोआप रिन्यू तेवढं आधी बंद करा, मेलची वाट बघत बसलात तर तोवर पैसे कापलेले असतील.